राखेत घोळवलेले पावटे

माझ्या प्रबंधातल्या तिसऱ्या कोष्टकाचे शेवटचे दोन रकाने मी घरात बसून भरले होते. श्रावणाचा आणि भाद्रपदाचा. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही... बायकोला नाही, शेतकी कॉलेजात ज्यांच्याबरोबर एका खोलीत वर्षं काढली त्या मित्रांनाही नाही. जिला सांगायला हवी होती अशी एकच व्यक्ती होती, आणि सांगायची वेळ आली तेव्हा मी मान दुसरीकडे वळवली. आता ती व्यक्ती नाही, म्हणून मला कंठ फुटला आहे, असं कुणी म्हणालं तर मला ते नाकारता येणार नाही.

पाच आठवड्यांपूर्वी भोरच्या बाजारात महादू दिसला. विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून, बारा-पंधरा घरांची एक वाडी आहे. तिथला हा माणूस. तांदळाची पाटी पुढ्यात घेऊन बसला होता. मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय रे महादू, काकी काय म्हणते तुझी?" तो माप पुसत म्हणाला, "काकी कुठली आता, सायेब? पुसाच्या म्हैन्यातच गेली की. खोकला झाला, धा दिस हातरुणाला खिळली, मग ऱ्हायलीच न्हाई." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो माप भरायला लागला. मी तिथेच उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, घ्यायचं नसेल तर बाजूला तरी व्हा." मी बाजूला झालो.

महादूची काकी म्हणजे चिमाबाई. मी आज लिहिताना 'त्या' असं लिहिणार आहे. समोर असताना कधी म्हटलं नाही. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या होत्या, तरी मी 'अगं चिमाबाई' म्हणायचो आणि त्या मला 'तुमी' म्हणायच्या. भोरातल्या कारकुनाचा मुलगा आणि वेल्ह्याच्या खोऱ्यातली शेतकरीण... दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

राब म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या मावळात भाताची आणि नाचणीची रोपं आधी लहानशा वाफ्यात वाढवतात आणि मग उपटून शेतात लावतात. त्या वाफ्याला तरवा म्हणतात. ऐनाच्या, किंजळीच्या डहाळ्या थंडीत तोडून वाळवायच्या. उन्हाळ्यात तरव्याच्या जागेवर शेण, डहाळ्या, पातेरा, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे ते भडकत नाही, धुमसत राहतं. हाच राब. पाऊस पडला की त्या राखेत बी फेकायचं. वीसेक वर्षांपूर्वी, मी शेवटच्या वर्षाला असताना, आमच्या प्राध्यापकांना वाटे की ही अडाणी चाल आहे, जंगलही जातं आणि जमिनीतली जिवंत सृष्टीही जळून जाते. मला विषय मिळाला तो हाच. "गांडुळं मोज," ते म्हणाले. "भाजलेल्या वाफ्यातली आणि न भाजलेल्या वाफ्यातली. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. आग लावल्यावर काय शिल्लक राहणार ते उघडच आहे, पण मोजून दाखवायला हवं." उत्तर आधीच हातात ठेवून मला प्रश्न विचारायला पाठवलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आलं असतं तरी मला बरंच वाटलं असतं.

भोरहून मोटारीने नसरापूर, तिथून एका बैलगाडीने विंझर आणि पुढे पायी, असा मी वाडीत पोहोचलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक स्टोव्ह आणि सुताराकडून करून घेतलेली लाकडी चौकट होती, हातभर लांब नि हातभर रुंद. ही चौकट जमिनीवर ठेवायची, आतली माती वीतभर खोल काढायची, गोणपाटावर पसरून त्यातली गांडुळं मोजायची आणि सगळं परत भरायचं. पाटलांनी चिमाबाईंचा तरवा दाखवला. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांचा मुलगा रामा, दोघंच राबत होते. मी अर्धा वाफा भाजू नका म्हणालो तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुमी कशाचं शिकताय म्हनायचं, मास्तर?"

"मातीचं."

"मातीचं शिकाया पुन्याला गेलासा? ती तर हितंच व्हती."

बांधावरच्या बायका हसल्या. मीही हसलो, पण मनात राग धरला. त्यांनी मात्र अर्धा वाफा सोडला. त्या वर्षी त्या सोडलेल्या भागातली रोपं पिवळी आणि तणात बुडालेली निघाली, म्हणजे त्यांच्या एका खाचराची लावणी माझ्या प्रबंधात गेली. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

ज्येष्ठातल्या मोजणीला त्या शेजारी उकिडव्या बसल्या. न भाजलेल्या भागात सहा गांडुळं निघाली, भाजलेल्या भागात एकही नाही. मी वहीत शून्य लिहिलं आणि बहुधा माझ्या चेहऱ्यावर समाधान दिसलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "एवढ्यात नका लिहू. घराला आग लागली तर तुमी आत बसून ऱ्हाताल का? त्यास्नी बी अक्कल हाय. खाली गेल्यात. माती निवली, पानी मुरलं, की राख खाया वर येत्यात. सरावनात बगा, भादव्यात बगा."

"तुला काय ठाऊक?"

"म्या काय उजळनी म्हनतीया का तुमच्यावानी? लावनीला वाकतीया. पायाला लागत्यात."

आषाढातही मी मोजलं. भाजलेल्या भागात एक निघालं, अंगठ्याएवढं. त्यांनी फक्त भुवई उडवली.

मी मारुतीच्या देवळाच्या ओवरीत राहत होतो आणि स्वतःचं अन्न स्वतः शिजवत होतो. त्यांच्या हातचं शिजवलेलं मला चालायचं नाही हे गृहीत धरून त्या पायरीवर कच्ची भाजी, दूध, कधी चार अंडी ठेवून जात. अंडीही मला चालत नसत, हे त्यांना पुढे कळलं तेव्हा खूप हसल्या होत्या. आषाढात चार दिवस नुसती झड लागली. स्टोव्हचं रॉकेल संपलं, लाकडं पेटेनात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी पानावर वाढली आणि स्वतः पाठ करून चुलीकडे बसल्या, म्हणजे मला लाजायला नको. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना म्हणाल्या, "भोरात सांगू नका. म्या बी न्हाई सांगायची." आणि त्यांनी खरंच कधी सांगितलं नाही. त्यांनी माझं एक गुपित सांभाळलं म्हणून माझी सगळीच गुपितं त्या सांभाळतील, असं काहीतरी माझ्या मनाने तेव्हापासून धरलं असावं.

झड थांबेना. पायाला जळवा लागत, वळकटीला बुरशी आली, रात्री ओवरीत पाणी यायचं. मी पाटलांना सांगितलं, मला ताप येतोय, घरी जाऊन येतो. ताप नव्हता. चिमाबाईंना म्हणालो, "श्रावणात येतोच मोजायला. चौकट इथेच ठेवतो." त्या म्हणाल्या, "या की. वाफा कुठं पळून जातुया?"

मी गेलो नाही. घरी कोरडं अंथरूण होतं, आईच्या हातचा गरम भात होता, आणि प्रत्येक आठवड्याला मी पुढच्या आठवड्यात निघणार होतो. भाद्रपद संपला तेव्हा मी माडीवर दार लावून बसलो आणि रकाने भरले. भाजलेला वाफा, श्रावण : एक. भाद्रपद : दोन. न भाजलेला : दहा, बारा, असं काहीसं. आकडे फार सरळ चढलेले दिसले तर शंका येईल म्हणून भाजलेल्याच्या भाद्रपदातला दोन खोडून मी तीन लिहिला. तो तीन लिहिताना हात थांबला नाही, उलट आपण किती सावध आहोत याचं मला कौतुक वाटलं. हे मी लपवत नाही.

आश्विनात, प्रबंध टंकायला दिलेला असताना, विंझरचा एक माणूस बाजाराला आला आणि आमचं घर विचारत दारात उभा राहिला. त्याच्या हातात चार पुरचुंड्या होत्या, दोन काळ्या कापडाच्या आणि दोन पांढऱ्या. तो पाठ केल्यासारखं बोलला : "चिमाबाईनं दिल्यात. काळ्यातलं भाजल्याल्या वाफ्याचं, पांडऱ्यातलं बिनभाजल्याचं. लहान गाठीचं सरावनातलं, मोठ्या गाठीचं भादव्यातलं. एक गांडवळ, एक दाना. तुमची चौकट लावूनच मोजल्यात, बारकी बी धरल्यात. आन् मास्तरला म्हनावं, ताप उतरला का?"

आत पावट्याचे दाणे होते. मी माडीवर नेऊन मोजले. भाद्रपदाच्या काळ्या पुरचुंडीत एकेचाळीस दाणे होते. पांढरीत सतरा. श्रावणाच्याही काळ्यातच जास्त होते. चिमाबाई म्हणाल्या होत्या तसंच.

प्रबंध अजून कॉलेजात दिलेला नव्हता. आठ दिवस होते. एक पान बदलायचं होतं, किंवा निदान प्राध्यापकांना जाऊन सांगायचं होतं की मी गेलोच नाही, हे आकडे दुसऱ्या कुणी मोजले आहेत, पुढच्या पावसाळ्यात मला पुन्हा मोजू द्या. मी स्वतःशी म्हणालो, अडाणी बाईचे पावटे कोण पुरावा म्हणून धरणार? तिने गंमत केली नसेल कशावरून? हे म्हणत असताना मला पक्कं ठाऊक होतं की त्या बाईने एकही दाणा जास्त टाकलेला नाही. चारही पुरचुंड्या मी पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, डबा कपाटाच्या तळाशी ठेवला. प्रबंध गेला. वाखाणला गेला. त्यावर मला नोकरी लागली.

इथवर मी फक्त खोटा होतो. पुढचं अधिक वाईट आहे.

सात-आठ वर्षांनी एका वरच्या कचेरीतून माझ्याकडे कागद आले. त्या खोऱ्यातल्या जंगलात राबासाठी डहाळ्या तोडायला मनाई करावी असा विचार चालला होता, आणि आधार म्हणून एका चौकशीचा गोषवारा जोडला होता. गोषवाऱ्यात माझं तिसरं कोष्टक होतं. तो तीनसुद्धा होता, जसाच्या तसा, छापलेला. 'आपले मत कळवावे.' मी दोन दिवस कागद टेबलावर ठेवला. मग लिहिलं, 'प्रबंधातील निष्कर्ष कायम आहेत,' आणि सही केली. डहाळ्या तोडून डोंगर बोडका होत होता हे खरं होतं. त्या एका खऱ्याच्या आडोशाला मी उभा राहिलो. जंगल वाचवण्याची गरज मला खोटं न बोलताही सांगता आली असती.

हुकूम निघाला. तो समजावून सांगायला एक साहेब खोऱ्यात फिरत होते आणि शेतकी खात्यातर्फे मला त्यांच्याबरोबर धाडलं होतं. विंझरला झाडाखाली खुर्च्या मांडल्या. मी खड्ड्यातल्या खताबद्दल बोललो, आगीने जमिनीतले जीव कसे नष्ट होतात ते सांगितलं. लोक खाली बघत बसले होते. मागून चिमाबाई उठल्या आणि माणसांतून वाट काढत थेट माझ्यासमोर आल्या. केस पांढरे व्हायला लागले होते. मला वाटलं, आता तोंड सोडणार. पण त्यांचा चेहरा हसरा होता. आपला माणूस साहेबाच्या शेजारी बसलेला बघून त्यांना धीर आला होता.

"मास्तर, दानं पोचलं व्हतं न्हवं?"

"पोचले."

"मोजलंसा?"

"मोजले."

"मग सांगा की ह्या सायबास्नी. एवढा येळ कशापायी थांबलाय?"

साहेब कर्नाटकाकडचे होते, त्यांना ही बोली कळत नव्हती. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणते ती बाई?"

मी म्हणालो, "काही नाही. जुनी ओळख आहे."

हे मी शुद्ध मराठीत, मोठ्याने बोललो. त्यांना ऐकू गेलं. हसू अजून त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण त्यातून माणूस निघून गेल्यासारखं. मग त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या, "व्हय. जुनी वळख हाय," आणि वळून चालू लागल्या. रांगेतून जाताना कुणीतरी विचारलं, काय झालं गं चिमे? त्या म्हणाल्या, "काय न्हाई. मास्तरास्नी ताप आलाय."

पुढच्या थंडीत रामा ऐनाच्या डहाळ्या तोडताना सापडला. कोयता जप्त झाला, त्याला महिनाभर आत ठेवलं. सुटल्यावर तो वाडीत दोन दिवस राहिला आणि मुंबईला गेला. गोदीत लागला असं कळलं. परत आला नाही. चिमाबाई नुसत्या शेणावर आणि झाडून आणलेल्या पातेऱ्यावर तरवा भाजायच्या. वरच्या अंगाची नाचणीची जागा त्यांनी सोडून दिली, एकट्या बाईला तण आवरेना. हे सगळं मला कचेरीत बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून तुकड्या-तुकड्याने कळत होतं. प्रत्येक वेळी मी 'अरेरे' म्हणायचो. त्या वाटेने मला अनेकदा जावं लागलं, पण विंझर आलं की मी गाडीत झोपेचं सोंग घ्यायचो, एकटा असलो तरी.

त्या दिवशी भोरच्या बाजारात, गिऱ्हाईक गेल्यावर, मी महादूला विचारलं होतं, शेवटी काही बोलल्या का. तो म्हणाला, "काय बोलनार? भादव्यापत्तुर धडधाकट व्हती. येड लागल्यागत चिखलात खड्डा काढून गांडवळं मोजत बसायची, दर साली. आमी इचारायचं, काकी, कशापायी गं? तर म्हनायची, मास्तरला मोजाया येत न्हाई."

मी विचारलं, "ती लाकडी चौकट?"

"आता ती कुठली ऱ्हाती, सायेब? चुलीत गेली आसंल."

त्या दिवशी घरी येऊन मी कपाटाच्या तळातून डबा काढला. वीस वर्षांत तो उघडला नव्हता. खरं सांगायचं तर मला आशा होती. पावट्यांना भुंगा लागतो, एका पावसाळ्यात दाण्यांची चाळण होते आणि दुसऱ्यात पीठ. शेतकी खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. मी मनाशी धरून चाललो होतो की पुरचुंड्यांत आता नुसता भुगा असेल, आणि भुगा मोजता येत नाही. काळी पुरचुंडी सोडली. बोटांना करडी राख लागली. चिमाबाईंनी दाणे राखेत घोळवून बांधले होते, बियाणं ठेवताना आमच्याकडच्या बायका ठेवतात तसे, भुंगा लागू नये म्हणून. राख त्याच वाफ्यातली असणार. दुसरी कुठून आणणार? एकही दाणा फुटलेला नव्हता. मी दिवाणखान्यातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मोजले. बायको आत-बाहेर करत होती, म्हणाली, "आज पावट्याची उसळ का?" मी म्हणालो, नाही. एकेचाळीस आणि सतरा.

आता पुरचुंड्या टेबलावरच असतात. हुकूम तसाच आहे, कोष्टक त्याला जोडलेलं आहे आणि त्यातला तीन शाबूत आहे. कचेरीला अर्ज लिहून ठेवला आहे, तो हा लेख छापून येईल त्या दिवशी जाईल. लेख आधी, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. त्याने चिमाबाईंचं काही भागणार नाही. रामाचा पत्ता महादूकडून घेतला आहे आणि त्याला अजून ओळही लिहिलेली नाही. आणि येत्या श्रावणात व भाद्रपदात, त्या वाफ्यात, माझ्या हाताने करायची मोजणी माझ्याकडे बाकी आहे.